डाव्या बुटाची कंपनी

सोमवार, ३ मार्च

फूटपट्टीनं आज कारखान्याच्या जमिनीवर पिवळा पट्टा मारला. स्वतः उभं राहून मारून घेतला. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, सरळ. खिडकीच्या बाजूला डावे बूट, भिंतीच्या बाजूला उजवे बूट. म्हणे आजपासून आपण एक कारखाना नाही, दोन कंपन्या आहोत. एक डाव्या बुटाची, एक उजव्या!

मी आधी समजले थट्टा आहे. फूटपट्टी आमचा मॅनेजर — हातात कायम स्टीलची पट्टी, म्हणून ताईनं हे नाव पाडलं — पण तो थट्टा करणाऱ्यातला नाही. त्याला हसता येतं की नाही याचीच आम्हाला शंका आहे.

पट्टा बरोब्बर माझ्या आणि ताईच्या टेबलामधून गेला. आमच्याकडे बूट जोडीनं शिवतात. एकीनं डावा, समोर बसलेलीनं उजवा, दोन्ही एकाच वेळी. टाका तिचा जवळ पडला तर माझाही जवळ पडायला हवा, नाहीतर जोडी जमत नाही. ताई माझी सख्खी बहीण. तिनंच मला या कामाला लावलं, तिनंच शिकवलं. तेव्हापासून ती डावा, मी उजवा. टेबलं एकमेकांना चिकटलेली. आज दोन माणसं आली आणि त्यांनी आमची टेबलं हातभर लांब केली.

ताई म्हणाली, जाऊ दे, आवाज थोडा मोठा करू.

मंगळवार, ४ मार्च

आज उलगडा झाला. यांनी पेपर वाचून दाखवला. (हे बस डेपोत मेकॅनिक आहेत, पेपर फुकट मिळतो.) नवा कायदा आलाय. ज्या कंपनीत पन्नासच्या आत माणसं, तिला माणूस काढायला कुणाची परवानगी लागत नाही. नोटीस नको, भरपाई नको. सकाळी या, संध्याकाळी जा! पन्नास झाले की जुने नियम लागतात. लहान उद्योगांना मोकळा श्वास घेता यावा म्हणून, असं वर लिहिलंय. आमचा श्वास कोण मोजतंय?

आम्ही नव्याण्णव माणसं. एकोणपन्नास डावीकडे, एकोणपन्नास उजवीकडे. उरले एक, गेटवरचे काका. त्यांना कुठल्याही बाजूला घातलं तर पन्नास होतात. मग काय करावं? काकांची वेगळी कंपनी काढली! गेटवरच्या खोलीला पाटी लागली, सुरक्षा सेवा. काका म्हणाले, आता मीच मालक, मीच नोकर, रजा हवी असली की आरशात बघून मागतो. सगळे हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत हसू टिकलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

ताईची सुई मोडली. मी माझी पुढे केली तर फूटपट्टी धावत आला. एका कंपनीचा माल दुसऱ्या कंपनीला असा द्यायचा नाही, बिल फाडायचं. सुईचं बिल!!

बुधवार, १२ मार्च

सकाळी रेडिओवर मंत्री बोलत होते. खासगी कंपन्यांची संख्या वाढली, सुधारणांना फळं आली, रोजगाराचं नवं पर्व सुरू झालं. मी कणीक मळत होते, तशाच हातानं रेडिओ बंद केला. कंपन्या वाढल्या! अहो, आमच्या एका कारखान्याच्या तीन झाल्या — त्यातली एक म्हणजे गेटवरचे काका. माणूस एक वाढला नाही, मशीन एक वाढलं नाही, बूट एक जास्त निघाला नाही. वाढला तो पट्टा.

खोटं कशाला बोलू, सरकारी होता तेव्हा कारखाना काही फार गुणाचा नव्हता. शाळेतल्या पोरांचे बूट शिवायचो, ते पहिल्याच वर्षी तोंड उघडायचे. अर्धी दुपार चहात जायची. विकायला काढला तेव्हा मला वाटलं होतं, बरं होईल, कुणीतरी वळण लावेल. नव्या मालकानं लावलंही. मशीनं आणली, बाहेर देशात जाणारे बूट आणले, हात चालू लागले. निम्मी माणसं तेव्हाच गेली. उरलेल्यांना मालकानं सांगितलं, घाबरू नका, आपण एक कुटुंब आहोत.

कुटुंबात मधोमध पट्टा मारतं का कुणी?

सोमवार, १७ मार्च

ताई घाबरलीय. बोलत नाही, पण मला कळतं. दुपारी डबा खाताना तिनं विचारलं की दोन्ही कंपन्यांत आधी कुठली बंद पडेल असं तुला वाटतं. मी म्हटलं, वेडी का तू? एक पाय बंद करून कुणी चालतं का?

तिचंही बरोबर आहे. भाऊजी गेल्यापासून घर तिच्यावर आहे. मुलाचं काम सुटलंय, तो दिवसभर पलंगावर. सून पोटुशी. कमावणारी ती एकटी. आणि वय बावन्न. या कारखान्यात ती सगळ्यांची ताई आहे, नव्या पोरी तिच्या मांडीला मांडी लावून शिकतात. पण बाहेर? बाहेर तिला कोण विचारतंय? चष्मा लावून दोरा ओवणारी बाई, एवढंच दिसणार त्यांना. हे काम गेलं तर ताईला दुसरं मिळणार नाही. मला झोपेतही हेच दिसतं.

माझं तसं नाही. माझे हे कमावतात. म्हणून मला तोंड आहे असं ताई म्हणते. लहानपणापासून तुझ्या वाटचं मी गप्प बसते आणि माझ्या वाटचं तू बोलतेस, असं म्हणते.

बुधवार, २६ मार्च

आता चामड्याचा घोळ.

कापायला आमच्याकडे मास्तर आहेत. एका कातड्यावर डाव्याचा तुकडा, त्याला लागूनच उजव्याचा, असं कापतात. कारण दोन कातड्यांचा रंग कधीच तंतोतंत एक नसतो. आता डाव्या कंपनीचं चामडं वेगळं येतं, उजव्या कंपनीचं वेगळं. गठ्ठे वेगळे, बिलं वेगळी. मास्तर म्हणाले, अहो एकत्र कापू द्या, मग वाटा. फूटपट्टी म्हणाला, तपासणी आली तर सापडेल, एका कंपनीनं दुसरीचं चामडं वापरलं तर दोन्ही कंपन्या एकच ठरतील.

तर आता डावा बूट चहाच्या रंगाचा आणि उजवा कॉफीच्या. खोक्यात शेजारी ठेवले की पॅकिंगच्या पोरीसुद्धा तोंडाला पदर लावतात. फूटपट्टीलाही दिसतंय. त्याला काय डोळे नाहीत? पण त्याला सांगितलंय कंपन्या वेगळ्या ठेवायच्या, बूट बघायला सांगितलेलं नाही.

शनिवार, २९ मार्च

डोकं दुखतंय. काही लिहीत नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

माल परत आला! अख्खा ट्रक. बाहेरच्या गिऱ्हाइकानं चिठ्ठीत एकच ओळ लिहिली होती, म्हणे तुम्ही आम्हाला दोन वेगळ्या माणसांचे बूट पाठवलेत.

दुपारी मालक स्वतः आले. फार कमी येतात. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, म्हणजे आम्हाला वाटावं की कामालाच आलेत. खोकी उघडली, नमुन्याचा बूट शेजारी ठेवला. उजवा नमुन्याशी जुळला. डावा किंचित फिका. झालं! मालक म्हणाले, चूक डाव्या कंपनीची आहे.

नाचता येईना अंगण वाकडं! कातडं कुणी वेगळं आणलं? पट्टा कुणी मारला? त्या गठ्ठ्यातलं चामडं उलट्या बाजूला गेलं असतं तर आज उजवी कंपनी चोर ठरली असती. मी हे सगळं मोठ्यानं म्हटलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमच्या कंपनीचा यात काही दोष नाही, तुम्ही काळजी करू नका.

माझी कंपनी! ताई समोर उभी होती. मान खाली घालून हातातला दोरा बोटाला गुंडाळत होती.

गुरुवार, १० एप्रिल

डावी कंपनी बंद.

गेटवर कागद. तोट्यामुळे कामकाज थांबवण्यात येत आहे. एवढंच. एकोणपन्नास माणसं बाहेर, आम्ही एकोणपन्नास आत. काकांना सांगितलं होतं की डाव्यांना आत सोडायचं नाही. काकांनी गेट उघडलं आणि पाठ फिरवून उभे राहिले, म्हणजे कुणाचं तोंड बघावं लागू नये. डावी माणसं आपापले डबे आणि चपला घ्यायला आत आली, घेऊन गेली. ताईनं जाताना तिच्या मशीनवर कापड टाकलं, रोज टाकते तसं.

मला रडू येत नव्हतं, राग येत होता. टाका वाकडा पडला, उसवला, पुन्हा वाकडा पडला. समोर रिकामी खुर्ची.

शुक्रवार, ११ एप्रिल

रजा टाकून कामगार कार्यालयात गेले. ताई येत नव्हती, ओढून नेली. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. साहेब चांगला माणूस निघाला, त्याचंच वाईट वाटतं. वाईट असता तर शिव्या घालून आले असते.

सगळं ऐकलं त्यानं. डाव्या-उजव्याचं ऐकून हसू आलं त्याला, पण दाबलं. मग म्हणाला, बाई, मला कळतंय हो. पण माझं काम मोजायचं. एकोणपन्नास भरले तर मी काय करू? पन्नास असते तर मी मालकाच्या नाकीनऊ आणले असते.

मी विचारलं, डाव्या बुटाची कंपनी जगात कुणी ऐकलीय का?

तो म्हणाला, कायद्यात असं कुठं लिहिलेलं नाही की कंपनीनं दोन्ही बूट केले पाहिजेत.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, चल, निदान चहा पिऊ. मला तिचाही राग आला. अगं, तुझं गेलंय काम, माझं नाही! मी भांडतेय आणि तू चहा म्हणतेस! बोलून गेले आणि मग फार वाईट वाटलं. तिनंच चहाचे पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत.

सोमवार, १४ एप्रिल

आणि आता खरी गंमत! सकाळी फूटपट्टी आला आणि म्हणाला, उजव्या कंपनीनं आजपासून डावे बूटही शिवायचे.

म्हणजे बघा. डावी कंपनी तोट्यात म्हणून बंद. पण डावा बूट तर हवाच आहे! जगात सगळ्यांना दोन पाय. मग तोट्यात कोण होतं? बूट की माणसं?

दुपारच्या सुट्टीत मी बाकावर उभी राहिले. मला भाषण येत नाही. मी एवढंच म्हटलं की आपण उजव्या बुटाची कंपनी आहोत असं यांनीच सांगितलंय, लिहून दिलंय. मग आपण उजवाच बूट शिवायचा. डाव्याला हात लावायचा नाही. डावी माणसं परत येईपर्यंत नाही. एकटा उजवा बूट विकून दाखवा म्हणावं!

मग मास्तर म्हणाले, मी डावा तुकडा कापणार नाही. मग पॅकिंगची पोर. मग एकेक करत सगळे. आमचे कलबूत — म्हणजे ते लाकडी पाय, ज्यावर बूट ताणतात — त्यातले डावे सगळे गोळा करून रॅकवर तोंडं भिंतीकडे करून ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप ठेवले गेले.

हे रात्री म्हणाले, तू पुढे पुढे करू नकोस. मी म्हटलं, मागे कोण उभं राहिलंय, तेवढं सांगा मला.

बुधवार, १६ एप्रिल

उजवे, उजवे, उजवे. खोकी उजव्यांची भरताहेत. गोदामात जागा नाही. फूटपट्टी एका खोक्यापाशी पट्टी घेऊन उभा होता, काय मोजत होता देव जाणे.

शुक्रवार, १८ एप्रिल

संध्याकाळी ताईकडे गेले. सांगितलं की आम्ही कसं ठेवलंय सगळं रोखून. वाटलं होतं जवळ घेईल. ती भांडी घासत होती, पाठमोरीच म्हणाली की तुझ्या भांडणानं माझ्या घरात चूल पेटत नाही. सून मध्ये पडली, आई असं का बोलता. ताई म्हणाली, खरं तेच बोलते. मालकांनी चिडून अख्खा कारखाना उचलून नेला तर उजव्यांचाही घास जाईल आणि सगळे मला शिव्या देतील.

मी म्हटलं, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. ती म्हणाली, मी अजून मेले नाहीये गं.

तिचा मुलगा मात्र जिन्यापर्यंत सोडायला आला. काम मिळालंय का विचारलं तर म्हणाला, उद्योजकांसाठी सरकारची नवी योजना आलीय, तिथं चौकशी करतोय. पलंगावरून उठला हेच मोठं.

सोमवार, २१ एप्रिल

मालक आले. मला एकटीला आत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. आवळा देऊन कोहळा काढायची तयारी! म्हणाले, तुम्ही हुशार आहात, तुम्हाला सुपरवायझर करतो. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू तुम्ही बघायच्या.

मी म्हटलं, डाव्या बाजूला माणसं नाहीत, काय बघू?

मग त्यांनी मला समजावलं. खरंच समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. म्हणाले, मी जुन्या नियमांनी चाललो तर या देशात बूट करणं परवडत नाही. शेजारच्या देशात स्वस्त आहे. सरकारनं दार उघडलं म्हणून मी इथं आलो. दार बंद झालं तर मी जाईन. मी वाईट माणूस नाही, मी हिशेबानं चालतो.

मी म्हटलं, "तुमच्या हिशेबात आम्ही एकोणपन्नास आहोत. माझ्या हिशेबात माझी बहीण आहे."

ते म्हणाले, मला परवडणार नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. पाणी मी प्यायले नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

मला काढलं.

नोटीस नाही, कारण नाही, भरपाई नाही. उजव्या कंपनीतही पन्नासच्या आतच माणसं ना! कायदा सगळ्यांना सारखा. फूटपट्टीनं कागद दिला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, बाई, मलाही पोरं आहेत. मी म्हटलं, मग त्यांना बूट घे, डावा-उजवा बघून घे.

गेटवर काका म्हणाले, माझी कंपनी तुला नोकरी देईल, पण मग पगार कोण देणार? हसवायचं होतं त्यांना. दोघंही हसलो नाही.

बुधवार, २३ एप्रिल

सगळे कामावर गेले. मास्तरसुद्धा. डावे बूट शिवताहेत. माझ्यासाठी कुणी एक दिवस थांबलं नाही. तासभरही नाही. सकाळी खिडकीतून बघत होते, पॅकिंगची पोर आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि मान खाली घालून लांबून, बाजारातून गेली.

संतापले. मग उतरला संताप. मी त्यांच्या जागी असते, हे कमावते नसते, तर? माहीत नाही. पण मी गेले नसते असं मला म्हणायचंय आणि म्हणणार.

सोमवार, २८ एप्रिल

काम शोधतेय. एका शिवणकामाच्या दुकानात वय विचारलं आणि म्हणाले, कळवतो. दुसरीकडे विचारलं, आधी कुठं होतात? बुटाच्या कारखान्यात म्हटल्यावर त्यांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणजे नाव पोचलंय. "सुधारणा" झाल्यापासून गावात पाट्याच पाट्या आहेत, माणसं पाहिजेत, माणसं पाहिजेत. आत गेलं की कळतं, पाहिजेत ती तीन महिन्यांसाठी. मग दुसरी पाहिजेत.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

ताई आली नाही इकडे. मी दोनदा गेले, सून म्हणाली बाहेर गेल्या आहेत. कुठं ते सांगेना. काम शोधत फिरत असेल उन्हातान्हात. चष्मा सावरत.

शुक्रवार, २ मे

हे डेपोतून येताना कारखान्यावरून आले. म्हणाले खिडकीकडच्या बाजूला दिवे लागलेत. डाव्या बाजूला!

सोमवार, ५ मे

जिंकलो!!

काका बाजारात भेटले. आधी टाळत होते, मग मीच रस्ता अडवला. डाव्या माणसांना परत बोलावलंय! उजव्या माणसांना डावा बूट जमलाच नाही. टाका उलट्या हाताचा, वळण उलटं, निम्मे बूट फेकावे लागले. शेवटी मालकानं नाक मुठीत धरलं. म्हणे डाव्या बुटाची नवीन कंपनी निघालीय, नवीन मालक आहे, सरकारच्या योजनेतून. मालक कोण ते काकांनी सांगितलं नाही. पगार कमी आहे, जुनी वर्षं धरणार नाहीत, सगळे नवीन म्हणून लागणार. तेही लबाडीच आहे. पण एकेक घास! आधी माणसं आत तरी गेली. पुढचं पुढे भांडू. आणि भांडूच.

ताईचं काम परत मिळालं. हातातली पिशवी खाली ठेवून मी रस्त्यातच रडले. काका गडबडले, म्हणाले, अगं ऐक तर पुरतं. मी कुठली ऐकतेय! माझं काम गेलं तर गेलं. नाहीतर जाईन नव्या मालकाकडे, म्हणेन, मलाही घ्या. डावा शिवायला शिकेन. ताई शिकवेल. उजव्यानं डाव्याकडून शिकायला काय लाज आहे?

यांना म्हटलं, बघा, म्हणत होतात ना पुढे पुढे करू नकोस. बरं वाटतंय आज. किती दिवसांनी पोटभर जेवले.

मंगळवार, ६ मे

ताईची वाट बघितली दिवसभर. पहिला दिवस असेल तिचा, दमली असेल.

बुधवार, ७ मे

ताई आली. नवी साडी. बस म्हटलं तरी उभीच.

डावी कंपनी तिच्या नावावर आहे. मुलानं योजनेचे कागद केले, मशीनं जुन्या मालकाची, जागा त्याची, बूट त्यालाच द्यायचे. नाव तिचं, सही तिची.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मग मी म्हटलं, बरं झालं, तू तर आपलीच. कधीपासून येऊ?

ती म्हणाली, "मला धरून एकोणपन्नास भरलेत. तू आलीस की पन्नास होतात. मग सगळे नियम लागू होतात गं."

"मग होऊ देत ना लागू! त्यासाठीच तर भांडले मी."

ताईनं पदराचा एक सुटा दोरा ओढून बोटाला गुंडाळला.

"मला परवडणार नाही," ती म्हणाली.